हत्तीण, फ्लेमिंगो आणि एकच काटा

४ मार्च

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. फक्त कागदावर, कारण माझी पाठ धरली आहे. काल झेब्र्याला इंजेक्शन द्यायला गेलो आणि त्यानं मला कुंपणाला चेपलं. प्राण्यांचा डॉक्टर व्हायचं खूळ माझ्या डोक्यात कुणी भरवलं ते शोधतोय.

तू मोबाइल डब्यात ठेवतेस आणि वर म्हणतेस, फोनवर दशांशचिन्ह ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र.

खुशखबर अशी, की गेल्या हिवाळ्यापासून आमच्या प्राणिसंग्रहालयाचा सगळा चारा माझा प्रोग्रॅम ठरवतो. हत्तिणीपासून फ्लेमिंगोंपर्यंत सगळ्यांचा! त्याला अटी सांगायच्या: याला अमुक इतकं तरी हवंच, त्याला तमुकच्या वर नको. मग तो तब्येतीचे गुण जास्तीत जास्त आणि नासाडी कमीत कमी होईल असं वाटप शोधतो. प्रत्येक आकडा किंचित हलवून बघतो, गुण वाढले की घटले, आणि जिकडे चढ तिकडे सरकतो. हे तूच शिकवलंस मला, एका सुट्टीत, माझा खेळायचा वेळ खाऊन.

आणि काय पळतो म्हणून सांगू! दोन फेऱ्यांत उत्तर. पडद्यावर येतं, ‘सर्व अटी पूर्ण’. साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते छापून बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावलंय.

पुढच्या महिन्यात बाहेरगावच्या प्राणिसंग्रहालयांची मंडळी हे बघायला येणार आहेत. तू सोबतच्या कागदांवरून नजर फिरव आणि चार कौतुकाचे शब्द लिहून पाठव. तुझ्या नावाआधी प्राध्यापक लागतं, तेवढंच वजन पडेल.

बाबा मजेत. हवापालट म्हणून सध्या कासवांकडे आहेत. फ्लेमिंगो थोडे फिकटलेत, पण होतं असं कधीकधी. आई ठीक.

तुझा,
ठोंब्या


१० मार्च

चिरंजीव ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. कौतुकाचे शब्द संपलेत, दुकानात आले की कळवते.

दोन फेऱ्यांत उत्तर देणारा प्रोग्रॅम आणि पहिल्या भेटीत लग्नाला हो म्हणणारं स्थळ, दोन्हींची चौकशी करावी. मी एकाची केली होती, म्हणून आज तिसऱ्या मजल्यावर एकटी सुखात आहे. लिफ्ट बंद आहे हे सोडलं तर.

आता मुद्द्याचं. हवापालट म्हणजे काय रे? एकाच आवारात? तळ्यापासून कासवांच्या खोलीपर्यंत चालत गेलं की हवा बदलते? दादानं उभी हयात त्या फ्लेमिंगोंच्या चिखलात काढली. वहिनी तर म्हणते, त्याला सर्दी झाली की पक्षी शिंकतात. ऑगस्टअखेर तो निवृत्त होणार. या हंगामाची पिल्लं डोळ्यांदेखत अंड्यातून निघाली की मी घरी जायला मोकळा, असं दिवाणखान्यात बसून मला सांगत होता. आणि नेमक्या शेवटच्या हंगामात त्याला कासवांची हवा मानवायला लागली?

गेल्या आठवड्यात त्याच्याकडून पाकीट आलं. आत एक पांढरं पीस. चिठ्ठी नाही, नाव नाही, पाकिटावर फक्त त्याचं अक्षर. मला वाटलं, म्हातारपणी बगळे पाळायचा नाद लागला की काय. तू काहीतरी लपवतोयस. लहानपणी लपवायचास तेव्हा असाच ‘आई ठीक’ म्हणून विषय संपवायचास.

आणि तुझ्या त्या पळणाऱ्या घोड्याबद्दल तीन प्रश्न. सगळे आकडे कशात मोजतोस? ‘किंचित हलवून’ म्हणजे किती? आणि अट पुरी झाली म्हणताना किती चूक चालवून घेतोस? हुशारी न मारता उत्तर दे.

आत्या


१८ मार्च

ती. आत्या,

आधी सोपं. सगळे आकडे टनात. आमचे कोठीवाले ट्रकच्या काट्यावर वजन करतात आणि त्यांची सगळी नोंद टनात असते. मीही तेच एकक धरलं, म्हणजे गोंधळ नको. हलवतो एक किलोनं, म्हणजे एक हजारांश टन. हत्तीण असो की पक्षी, सगळ्यांना सारखं. चालवून घ्यायची चूकही तेवढीच, एक किलो. इतका समान न्याय तर कोर्टातही मिळत नाही.

आता अवघड. ते पीस बगळ्याचं नाही. फ्लेमिंगोचंच आहे.

डिसेंबरपासून गुलाबीपणा उतरायला लागला. फेब्रुवारीत तर थवा दोरीवर वाळत घातलेल्या चादरींसारखा दिसायला लागला. लोक तिकीट काढून येतात आणि विचारतात, फ्लेमिंगो कुठे आहेत? साहेबांनी बैठक बोलावली. मी चाऱ्याचा कागद पुढे केला. त्यावर छापलेलंच होतं, सर्व अटी पूर्ण. साहेब म्हणाले, चारा बरोबर असेल तर चारा देणारा चुकत असेल. बाबा समोरच बसले होते. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बाबांची बदली कासवांकडे झाली आणि तळ्यावर एक नवा माणूस आला.

बाबांचं म्हणणं, पलीकडच्या मुलांच्या बागेतल्या पाळण्यांवर दिवसभर जी गाणी लावतात त्यांनी पक्षी कंटाळलेत. आता याला काय म्हणायचं? गाण्यांनी रंग उडतो?

घरी ते माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना आईला म्हणतात, “त्याला सांग, मीठ दे.” मीठ माझ्या कोपराशी असतं. आई माझ्याकडे बघते, मी मीठ सरकवतो, आई त्यांना सांगते, “दिलं.” एवढ्याशा टेबलावर आम्ही टपालखातं चालवतोय.

पण तूच सांग, गणित खोटं बोलतं का? पोती कोठीतून मिसळूनच येतात. बाबांनी कमी घातली असतील, विसरले असतील. वय झालंय.

ठोंब्या


२५ मार्च

ठोंब्या,

आशीर्वाद या वेळी राखून ठेवलेत.

चोर सोडून संन्याशाला फाशी! तीही सख्ख्या बापाला. नाचता येईना तुझ्या प्रोग्रॅमला आणि वाकडं ठरवलंस दादाचं अंगण.

आता खुर्ची पुढे ओढ आणि वाच. तू पाठवलेल्या कागदात सगळं आहे, फक्त तू ते वाचलेलं नाहीस. फ्लेमिंगो जन्मतः गुलाबी नसतात, रंग चाऱ्यातून येतो, हे तुला मी सांगायला नको. तुमच्या चाऱ्यात त्यासाठी एक लाल पूड आहे. अख्ख्या थव्याला महिन्याला ती किती लागते? अठरा ग्रॅम. चहाचे चार चमचेसुद्धा नाही. आणि हत्तिणीला गवत किती? पाच टन. ही दोन्ही तू एकाच काट्यावर ठेवलीस, तोही ट्रकचा! ट्रक काट्यावर उभा असताना ड्रायव्हरनं खिशातला रुमाल काढून ठेवला तर काटा हलतो का?

तुझा प्रोग्रॅम कसा वागला ते सांगते. त्याला चढ कुठे आहे ते शोधायचं होतं. त्या चढालाच पुस्तकात डेरिव्हेटिव्ह म्हणतात, आपण उतार म्हणू, कारण तुझं सगळं उताराला लागलंय. हत्तिणीच्या गवतात त्यानं एक किलो वाढवला. तिला काय कळणार? ढेकरही आला नाही. त्याला वाटलं, इथे सपाट आहे, इथे काही करण्यासारखं नाही. मग त्यानं पुडीतही तोच एक किलो वाढवला. अठरा ग्रॅम खाणाऱ्या पक्ष्यांना एक किलो! कागदावर सगळा थवा मेला. गुण धाडकन खाली. प्रोग्रॅमनं ठरवलं की ही पूड म्हणजे विष, आणि ती शून्यावर नेऊन ठेवली.

मग तुझी अट कुठे गेली, किमान अठरा ग्रॅम हवीच म्हणणारी? तिनं तपासलं, अठरा ग्रॅम कमी पडतायत. पण चूक किती चालते? एक किलोपर्यंत. मग काय, अट पूर्ण! भिंतीवर लावा.

दोन फेऱ्यांत का संपतं ते कळलं? मोठ्यांपाशी त्याला काही हललेलं दिसत नाही, आणि छोट्यांची दुसऱ्या फेरीतच वाट लागलेली असते. प्रोग्रॅम खोटं बोललेला नाही, बाळा. त्याला तू असा काटा दिलास ज्यावर माझ्या दादाचे पक्षी दिसतच नाहीत.

दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येकाला स्वतःचं माप दे. हत्तिणीचे पाच टन म्हणजे तिचं एक. पक्ष्यांची अठरा ग्रॅम म्हणजे त्यांचं एक. हलवायचं तर आपापल्या एकाचा हजारावा भाग. अटीसुद्धा आपापल्या मर्यादेनं भागून घे, म्हणजे किती चुकलं ते ज्याच्या त्याच्या हिशेबानं कळेल. आणि नीट ऐक: माप बदललं की उतारही बदलतो. एखादा उतार सूत्रानं हातानं लिहून देत असशील तर तोही त्याच मापानं गुणायचा. हे तू विसरणार आहेस. मी शाईनं लिहून ठेवते.

बाकी जनावरांचंही बघ. फ्लेमिंगो निदान रंगानं तरी बोलले, बाकीचे मुके आहेत.

आणि ‘मी काही बोललो नाही’ हे वाक्य मी ओळखते. माझी निळी फुलदाणी फुटली तेव्हाही तू हेच म्हणाला होतास, हातात चेंडू घेऊन.

आत्या


९ एप्रिल

ती. आत्या,

बरोबर निघालं. सगळं.

पत्र वाचून तसाच कोठीत गेलो. कोठीच्या कागदावर पुडीसमोर छापलेलं होतं, ०.०००. तीनच दशांश स्थळं छापायची सवय. आत्या, यातली गंमत बघ. पूड बरोबर असती तरीही तिथे ०.०००च छापून आलं असतं! चार महिने तो कागद माझ्या हातात होता. इतर प्राण्यांच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या मी प्रोग्रॅमबाहेर, हातानं देतो, म्हणून ते वाचले. सगळा फटका बसला तो बाबांच्या तळ्याला.

मापं बदलली. आणि हो, विसरलो. हसू नकोस. मला वाटलं, पुडीच्या बाबतीत हलवून बघण्यापेक्षा सूत्रानंच उतार लिहून द्यावा, काम चोख होईल. सूत्र टनातलं होतं आणि माप झालं होतं अठरा ग्रॅमचं. उतार पन्नास हजार पट तीव्र झाला. प्रोग्रॅमला वाटलं, समोर स्वर्गाचा जिना आहे, आणि त्यानं जी उडी मारली ती थेट मी ठेवलेल्या वरच्या मर्यादेवर. ती मर्यादा मी सगळ्यांना सारखीच ठेवली होती: एक ट्रक. (माहीत आहे. तीही आता बदलली.)

कोठीवाले मागणीचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. कागद दोनदा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “डॉक्टर, हत्तीण रंगवायची आहे का? एवढ्या पुडीत साहेबसुद्धा दोन वेळा गुलाबी होतील.”

दुरुस्त केलं. आता अठराच्या अठरा ग्रॅम जातात, पंधरा-वीस फेऱ्या लागतात आणि ‘अटी पूर्ण’ खरोखरच येतं. पण रंग लगेच येत नाही. जुनी पिसं गळून नवी आली की त्यांत येतो, म्हणजे काही महिने तरी. फिके असताना ते जोड्याही जमवत नाहीत.

साहेबांना मी सांगितलं की प्रोग्रॅममध्ये ‘थोडी सुधारणा’ केली आहे. वीस तारखेला पाहुणे येणार, त्याआधी जास्त खोलात जायला नको. पण बाबांसाठी मी जंगी बेत केलाय! ऑगस्टमध्ये मोठा निरोप समारंभ, साहेबांचं भाषण, वाद्यवृंद, आणि तळ्याकाठी त्यांच्या नावाची पितळी पाटी. पाटीवर काय लिहायचं ते विचारायला कासवांच्या खोलीत गेलो होतो. बाबा म्हणाले, “हळू. तो जेवतोय.” कासवाबद्दल बोलत होते. मला उद्देशून नव्हे, हवेत.

ठोंब्या


१४ एप्रिल

ठोंब्या,

सुधारणा! दरोडेखोर तिजोरी परत आणून ठेवतो तेव्हा त्याला सुधारणा म्हणत असतील.

तू काय करतोयस ते तुला दिसतंय का? जिथे अठरा ग्रॅम लागतात तिथे शून्य देतोस, आणि अंगाशी आलं की ट्रक पाठवतोस. वाद्यवृंद! पितळी पाटी! तळ्यावरून हाकललेल्या माणसाच्या नावाची पाटी तळ्यावर लावणार, आणि त्यानं ती कुठून वाचायची, कासवाच्या पाठीवर चढून? ऑगस्टमध्ये, म्हणजे त्याचा सगळा हंगाम कासवांत गेल्यावर. वरातीमागून घोडं, तेही बँड लावून.

दादाला काय हवंय ते मी सांगते. एक वाक्य हवंय. ‘चूक माझी होती, बाबांची नव्हती.’ त्याच खोलीत, त्याच भिंतीखाली, त्याच लोकांसमोर. पाहुणे असतील तर त्यांच्यासमोरही. नाक कापलं जाईल, जाऊ दे. तुझं नाक तसंही आमच्या घराण्याच्या मानानं लांबच आहे.

आणखी एक. दादा गप्प बसलेल्या पोरावर दोन महिने रुसणारा माणूस नाही. गप्प बसण्यात तर तो स्वतः उस्ताद आहे. त्या बैठकीत तू काहीतरी बोललास. काय बोललास?

उत्तर आलं नाही तर मी स्वतः येईन. गुडघा आणि तीन जिने मोजून सांगते, मी येईपर्यंत माझा राग चांगलाच मुरलेला असेल.

आत्या


२२ एप्रिल

आत्या,

मी म्हणालो होतो, “बाबांना हल्ली नीट दिसत नाही.”

त्या बैठकीत. साहेबांनी विचारलं होतं, तुमचे वडील पोती मोजून घालतात ना? नुसतं हो म्हणायचं होतं गं. पण माझ्या मागे भिंतीवर सर्व अटी पूर्ण असं लिहिलेलं, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तोंडातून ते निघून गेलं. त्यांना सगळं दिसतं. पलीकडच्या काठावर कुठला पक्षी लंगडतोय ते त्यांना इथून दिसतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला. तेव्हापासून घरात तो माझ्यासमोर लावत नाहीत. पेपर आईकडून वाचून घेतात. इतके दिवस हे तुला लिहायची लाज वाटत होती, अजूनही वाटते.

परवा पाहुणे आले. बाबांना निरोप पाठवला होता, तर उत्तर आलं, कासवांची आंघोळ आहे. मी पडदा लावला, प्रोग्रॅम उघडला, ०.००० दाखवलं. मग म्हणालो की पक्षी माझ्या चुकीनं पांढरे झाले, मी हत्तीचा काटा पक्ष्यांना लावला. तू लिहिलेलं वाक्यही म्हणालो. आणि हे तू लिहिलं नव्हतंस, तेही म्हणालो, की बाबांच्या डोळ्यांबद्दल मी या खोलीत जे बोललो ते खोटं होतं. आवाज असा निघत होता की एका पाहुण्यानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

साहेब लाल झाले, पुडीशिवाय. म्हणाले, यापुढे प्रोग्रॅमचा प्रत्येक कागद कोठीवाल्यांच्या सहीनं जाईल. पाहुण्यांपैकी दोघं मात्र घाईघाईनं निघाले. त्यांच्याकडेही सगळं टनातच आहे म्हणे, आणि त्यांचे फ्लेमिंगोही ‘जरा फिकटलेत’.

मान वर केली तर बाबा दारात. कधी आले कुणाला कळलं नाही. हातात कासव घासायचा ब्रश. वळून गेले. मी मागे धावलो. कासवांकडे नव्हते. तळ्यावर होते, गुडघाभर चिखलात, कुणाचा हुकूम नाही, काही नाही. नवा माणूस बिचारा काठावर चुळबुळत उभा. बाबांनी खिशातून चष्मा काढला, बनियनला पुसला, लावला. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोतं आण.”

मला म्हणाले, आत्या. आईला नव्हे. मी दोन आणली.

ठोंब्या


३० एप्रिल

ठोंब्या,

अनेक आशीर्वाद, मागची बाकी धरून.

शाब्बास म्हणणार नाही. फुलदाणी फोडणाऱ्यानं काचा गोळा केल्या, एवढंच. पण डोळ्यांचं वाक्य माझ्या पत्रात नव्हतं आणि ते तू म्हणालास, यासाठी मी एकटीनं दुसऱ्यांदा चहा करून प्याले. पत्र वाचताना रडले, हेही सांगून टाकते. म्हातारीला रडायला कारण लागतं, तू चांगलं दिलंस.

पितळी पाटी रद्द कर. वाद्यवृंद तर त्याच्याही आधी. दादाला विचार, पिसं कधी येतील. तू सांगू नकोस, त्याला विचार. आणि त्याला म्हणावं, पुढच्या पाकिटात चिठ्ठीही घाल. मी गणिताची आहे, पिसांवरून मला वाचता येत नाही.

आत्या


२९ ऑगस्ट

धाकटे,

तू चिठ्ठी मागितलीस म्हणून लिहितो. मला लिहायची सवय नाही, चिखलात लिहून टिकत नाही.

परवा, एकतीसला, माझा शेवटचा दिवस. समारंभ नको म्हटलं तरी साहेबांनी आजच भाषण उरकलं. भाषणभर पलीकडच्या पाळण्यांवर गाणी वाजत होती. ती गाणी अजूनही मला पटत नाहीत, रंगाचं कारण पूड असो नाहीतर आणखी काही. साहेबांनी आयुष्यभराचा फुकट पास दिला. तो मी माझ्या जागी कासवांवर आलेल्या पोराला देऊन टाकला. मी तिकीट काढून येईन. फुकट आलं की माणूस नीट बघत नाही.

या वर्षी पिल्लं नाहीत. पक्ष्यांनी चिखलाची घरटी बांधायला घेतली आणि अर्ध्यात सोडली. मला पिल्लं बघून घरी जायचं होतं, ते राहिलं. वाईट वाटलं. तुझ्या भाच्याला मी तसं तोंडावर सांगितलं. मग त्यानं पोतं उचललं आणि मी दुसरं.

हल्ली तो रोज सकाळी येतो. पूड आता पोत्यात मिसळून येत नाही, दर एक तारखेला कोठीतून महिन्याच्या पुडीची पुडी तो स्वतः घेऊन येतो, सोनाराच्या दुकानातून आणल्यासारखी, दोन्ही हातांत धरून. मी म्हटलं, एका हातानं धरलीस तरी अठराच भरेल.

काल त्याला मुद्दाम थांबवलं. थव्यात एक लंगडी मादी आहे, तिचं नवं पीस फुटतंय. डाव्या पंखाखाली, अगदी मुळाशी, गुलाबी आहे. फार नाही. तुझ्या नखाएवढं. ती पंख ताणते तेव्हाच दिसतं. मी त्याला म्हटलं, बघ. त्यानं बघितलं. डोळे बारीक केले, मोठे केले, चिखलात दोन पावलं पुढे गेला आणि बूट रुतवून बसला. त्याला काही दिसलं नाही, हे मला कळलं. तो माझाच आहे, त्याचं तोंड मला वाचता येतं. तरी म्हणाला, “दिसलं, बाबा.”

खोटं बोलला. पण या खेपेला माझ्या बाजूनं.

तुला पाठवायला पीस नाही. पाठवायचं ते गळलेलं असतं, हे अजून अंगावर आहे.

त्याला मी एवढंच म्हटलं, “डॉक्टर, डोळे तपासून घ्या.” इतका हसला, की सगळा थवा उडाला.

दादा